युरेटरमध्ये अडकलेला ७ मिमीचा खडा: वाट पाहायची की काढून टाकायचा?

पाऊलवाट

नमस्कार. धाकट्या भावाला (वय ३४) मुतखड्याचा त्रास सुरू झालाय. मध्यरात्री उजव्या बाजूला, पाठीमागून बरगडीच्या खाली कळ उठली आणि ती पार जांघेपर्यंत उतरली. उलट्या झाल्या. धड बसवेना, पडवेना, नुसता येरझाऱ्या घालत होता. इमर्जन्सीत डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिल्यावर थोड्या वेळात शांत झाला.

सीटी स्कॅनमध्ये उजव्या युरेटरच्या (किडनीतून मूत्राशयाकडे जाणारी नळी) खालच्या भागात ७ मिमीचा खडा दिसलाय, किडनीला थोडी सूज आहे. लघवीत इन्फेक्शन नाही, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल, ताप नाही. डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. टॅम्सुलोसिन (युरेटर सैल करणारी गोळी) घेऊन काही आठवडे वाट पाहायची, नाहीतर दुर्बिणीतून लेझरने काढून टाकायचा. ठरवा आणि कळवा म्हणाले.

अडचण अशी की आता त्याचं दुखणं पूर्ण थांबलंय. खडा पडून गेला असणार, आता काही करायला नको, असं त्याचं म्हणणं. मला ते पटत नाही, पण समजावून सांगता येईल एवढी माहितीही माझ्याकडे नाही. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहा.

शुक्रतारा

मी यातून दोनदा गेलेय. तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे. कळ थांबली म्हणजे खडा पडला असं अजिबात नसतं. पडलेला खडा एकतर हातात यायला हवा, नाहीतर स्कॅनमध्ये तो नाहीसा झालेला दिसायला हवा.

आजपासून त्याला लघवी गाळायला सांगा. एका भांड्यात करायची आणि बारीक जाळीच्या गाळणीतून किंवा पातळ सुती कापडातून ओतायची. प्रत्येक वेळची, रात्री उठल्यावरचीसुद्धा. कंटाळा येतो, पण दुसरा उपाय नाही. माझा पहिला खडा असाच मिळाला. तांदळाच्या कणीएवढा, तपकिरी, एका अंगाला बारीक टोकं असलेला. जे सापडेल ते कोरडं करून छोट्या डबीत जपून ठेवा. तपासणीला पाठवता येतं आणि पुढची सगळी दिशा त्यावर ठरते.

निळाई

मी यूरॉलॉजी विभागात काम करते. इथे कुणाचे उपचार ठरवणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनीच करायचं. पण दुखणं का थांबतं हे भावाला कळलं तर तो ऐकेल असं वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

खडा नळीला टोचतो म्हणून दुखतं असा बहुतेकांचा समज असतो. खरी कळ येते ती लघवी तुंबल्यामुळे. खड्याच्या वरच्या बाजूला दाब वाढतो, नळी आणि किडनीचं आवरण ताणलं जातं, शिवाय नळी खडा पुढे ढकलण्यासाठी जोरजोरात आकुंचन पावते. युरेटर साधारण २५ ते ३० सेंमी लांब आणि आतून जेमतेम ३-४ मिमी रुंद असते. तिच्यात तीन जागा जास्त अरुंद आहेत: किडनीतून निघते तिथे, मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते तिथे, आणि मूत्राशयात शिरते तिथे. खडे बहुधा यातल्याच एखाद्या ठिकाणी अडतात.

तुंबारा काही काळ तसाच राहिला की त्या बाजूच्या किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो, तिथे लघवी कमी तयार होऊ लागते आणि दाब उतरतो. कधी खड्याच्या कडेने थोडी लघवी झिरपायला लागते. दोन्ही वेळा दुखणं कमी होतं आणि खडा मात्र जागच्या जागी असतो. दुसरी किडनी चांगली असल्यामुळे लघवी नेहमीसारखी होते आणि बऱ्याचदा क्रिएटिनिनही नॉर्मल येतं. माणूस बिनधास्त होतो. काही महिन्यांनी दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी होते आणि तेव्हा कळतं की ती किडनी सुजून पातळ झालीय, तिचं काम बरंचसं गेलंय. असे रुग्ण मी पाहिलेत. त्यातल्या बहुतेकांनी सांगितलेलं एकच असतं, 'नंतर दुखलंच नाही, म्हणून आलो नाही.'

थांबायचं असेल तर जरूर थांबा, पण पुढच्या तपासणीची तारीख आधी ठरवून मग थांबा.

उंबरठा

मी जरा वेगळं मत मांडतो. माझा ४ मिमीचा खडा आपोआप पडला, हातही लावावा लागला नाही. दुर्बीण म्हटलं की भूल आली, स्टेंट (युरेटरमध्ये काही दिवस ठेवायची मऊ नळी) आला. शरीराला संधी द्यायला काय हरकत आहे? भरपूर पाणी प्यायचं आणि चालायचं.

निळाई

संधी द्यायला हरकत नाहीच. ५ मिमीपर्यंतच्या खड्यांपैकी दोन-तृतीयांश आपले आपण पडतात. ५ ते १० मिमीच्या गटात हे प्रमाण निम्म्याच्या आसपास येतं. भावाचा खडा खालच्या टोकाला आहे ही जमेची बाजू, कारण मूत्राशयाच्या जितका जवळ तितकी पडण्याची शक्यता जास्त. वाट पाहायची मुदत साधारण चार ते सहा आठवडे. त्यापुढे अडवणूक तशीच ठेवली तर किडनीला कायमची इजा व्हायचा धोका वाढत जातो.

पाण्याबद्दल मात्र माझं ठाम मत आहे. कळ चालू असताना तांब्यामागून तांब्या रिचवून खडा वाहून जात नाही. पुढे वाट बंद आहे आणि मागून भर घातली तर दाब आणि दुखणं दोन्ही वाढतं, उलट्या होत असतील तर ते पोटात टिकतही नाही. तहानेपुरतं प्यायचं. भरपूर पाण्याचा खरा उपयोग पुढचा खडा होऊ नये म्हणून आहे, तिथे तो फार मोठा आहे.

टॅम्सुलोसिनबद्दलही स्पष्ट लिहिते. ते युरेटरचा खालचा भाग सैल करतं. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या हजाराहून जास्त रुग्णांच्या चाचणीत गोळी घेणाऱ्यांना आणि न घेणाऱ्यांना नंतर शस्त्रक्रियेची गरज पडण्यात फरक दिसला नाही. नंतर चीनमधल्या त्याहून मोठ्या चाचणीत, खालच्या भागातल्या ५ मिमीपेक्षा मोठ्या खड्यांना फायदा दिसला. भावाचा खडा नेमका या दुसऱ्या गटातला आहे, त्यामुळे डॉक्टरांनी ती सुचवली हे योग्यच. झटकन उभं राहिल्यावर चक्कर येऊ शकते, पुरुषांमध्ये वीर्य बाहेर न येणं हाही तात्पुरता परिणाम आहे. त्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर घाबरून गोळी बंद करेल.

दीपमाळ

सगळे मिलिमीटरवर बोलताहेत म्हणून हे लिहायलाच हवं. माझ्या आईचा खडा फक्त ५ मिमीचा होता. घरी थांबून वाट पाहायची ठरलं होतं. एका संध्याकाळी तिला थंडी वाजून ताप भरला. दुखणं फार नव्हतं. पण डिस्चार्जच्या कागदावर 'ताप आल्यास त्वरित या' असं लिहिलेलं होतं, म्हणून त्याच रात्री नेलं. पोचेपर्यंत तिचा रक्तदाब उतरायला लागला होता. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढून ते रक्तात गेले होते. डॉक्टरांनी रात्रीतच दुर्बिणीतून स्टेंट घालून वाट मोकळी केली. स्टेंट सरकला नसता तर पाठीतून किडनीत बारीक नळी घालणार होते. खड्याला त्या रात्री हातच लावला नाही. अँटिबायोटिक्सचा कोर्स झाला, तब्येत सावरली, मग काही आठवड्यांनी खडा काढला.

त्या रात्री आम्ही डॉक्टरांच्या मागे लागलो होतो की खडा का काढत नाही. नंतर समजलं, इन्फेक्शन असताना खडा फोडला तर जंतू आणखी रक्तात ढकलले जातात.

पाऊलवाट, घरात थर्मामीटर हाताशी ठेवा. ताप, हुडहुडी, लघवी अजिबात न होणं, पाणीसुद्धा न टिकणाऱ्या उलट्या, इंजेक्शननंतरही न थांबणारी कळ, यातलं काहीही झालं तर सकाळ होण्याची वाट पाहू नका.

निळाई

दीपमाळ, आईंना वेळेत नेलंत. थोडी भर घालते. एकच किडनी असणारे, किडनी ट्रान्सप्लांट झालेले, दोन्ही बाजूंना एकदम खडा अडकलेले आणि गरोदर स्त्रिया यांनी ताप नसतानाही घरी थांबू नये.

रानजाई

सीटीच्या रिपोर्टमध्ये खड्यासमोर एचयू (खडा किती घट्ट आहे त्याचं माप) असा आकडा असेल तर पाहा. माझा ४०० च्या आसपास होता आणि साध्या एक्स-रेमध्ये खडा दिसतच नव्हता. त्यावरून डॉक्टरांनी युरिक ॲसिडचा असावा असं ताडलं. हा एकच नेहमीचा प्रकार असा आहे की तो औषधाने विरघळू शकतो. मला पोटॅशियम सायट्रेट दिलं, लघवीचा पीएच पट्टीने रोज तपासून ६.५ ते ७ च्या दरम्यान ठेवायला सांगितलं. लघवी फार आम्लधर्मी असली की युरिक ॲसिडचे स्फटिक बनतात, आम्लता उतरवली की ते परत विरघळतात. पण ७ च्या फार वर नेऊ नका असंही बजावलं होतं, कारण मग कॅल्शियम फॉस्फेट साचायला लागतं. माझे किडनीतले दोन खडे असे गेले.

'खडा विरघळवतो' म्हणून जी काही औषधं आणि काढे मिळतात, त्यांच्याबद्दल एवढंच विचारायचं: कुठल्या प्रकारचा खडा? कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा विरघळवणारं औषध आजतरी नाही, आणि बहुतेकांचे खडे त्याचेच असतात.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. निळाई यांचा प्रतिसाद भावाला वाचून दाखवला, तो गप्प झाला आणि स्वतःच गाळणी घेऊन आला. एचयू ११५० लिहिलंय. म्हणजे विरघळणारा नाही असं दिसतं. तूर्त टॅम्सुलोसिन चालू केलंय. तीन आठवड्यांनी परत स्कॅनची तारीख घेतली आहे. ताप आल्यास कुठे जायचं तेही विचारून ठेवलं.

एक प्रश्न: किडनीला सूज असताना दुखल्यावर डायक्लोफिनॅक चालतं का? कुणीतरी सांगितलं की त्याने किडनी जाते.

निळाई

मुतखड्याच्या कळेवर याच गटातली औषधं पहिली पसंती असतात, कारण ती दाब वाढवणाऱ्या रसायनांवरच काम करतात. मॉर्फिनच्या जातीच्या औषधांपेक्षा ती सरस ठरली आहेत, उलट्याही कमी होतात. मात्र किडनी आधीच कमजोर असेल, पोटात अल्सर असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा गरोदरपण असेल तर ती टाळतात. भावाचं क्रिएटिनिन नॉर्मल आहे, तेव्हा डॉक्टरांनी लिहिलेल्या मात्रेत, लिहिलेल्या दिवसांपुरती घ्यायला हरकत नसावी. मनाने डोस वाढवायचा नाही.

पाऊलवाट

उशिरा लिहितेय. दुसरा स्कॅन झाला. मधल्या काळात भावाला एकदाही मोठी कळ आली नाही, गाळणीत काहीही सापडलं नाही. स्कॅनमध्ये खडा अगदी मूत्राशयाच्या तोंडाशी येऊन थांबलाय आणि किडनीची सूज आधीपेक्षा वाढलीय. दुखत नसताना. डॉक्टर म्हणाले, आता थांबण्यात अर्थ नाही. युरेटरोस्कोपी (दुर्बिणीतून खडा काढणं) ठरलीय. शॉकवेव्हने बाहेरून फोडता येईल का असं विचारलं, तर एवढ्या कठीण खड्याचे एका बैठकीत तुकडे होतीलच असं नाही म्हणाले.

शुक्रतारा

माझ्या पहिल्या खड्याचा काही भाग किडनीत उरला होता, तो शॉकवेव्हने फोडला. ना चिरा, ना आत काही घालणं, त्याच दिवशी घरी. पण तुकडे आपले आपणच पडावे लागतात आणि ते पडताना पुन्हा कळा आल्या. ही पद्धत माणसावर पहिल्यांदा १९८० च्या फेब्रुवारीत म्युनिकमध्ये वापरली गेली. त्याआधी माझ्यासारखीला पोट उघडून घ्यावं लागलं असतं. एचयू १००० च्या वर असेल तर यश कमी येतं हे मलाही सांगितलं होतं.

दुसऱ्या खेपेला युरेटरोस्कोपी झाली. कुठेही चिरा नाही, लघवीच्या मार्गानेच दुर्बीण आत जाते, लेझरने खड्याचा भुगा करतात किंवा तुकडे छोट्या जाळीत पकडून बाहेर काढतात. त्याचा त्रास फारसा नाही. खरी तयारी स्टेंटची ठेवा, कारण त्याबद्दल आधी कुणी नीट सांगत नाही. किडनीपासून मूत्राशयापर्यंत एक मऊ नळी काही दिवस आत राहते, सूज उतरेपर्यंत वाट उघडी राहावी म्हणून. तिचं खालचं वेटोळं मूत्राशयाला सतत घासत असतं, त्यामुळे सारखी लागल्यासारखं वाटतं, शेवटचे थेंब उतरताना जळजळतं. आणि लघवी करताना त्या बाजूच्या कमरेत एक झटका बसतो, कारण मूत्राशयातला दाब नळीतून उलटा वर जातो. मी पहिल्यांदा तो जाणवल्यावर भिंत धरून उभी राहिले होते. जिने चढले किंवा जास्त चालले की लघवी लालसर व्हायची, बसून पाणी प्यायलं की परत फिकट. हे सगळं अपेक्षित असतं. जोर लावून लघवी करायची नाही, बसून सावकाश करायची, त्याने झटका कमी बसतो. फार होत असेल तर डॉक्टरांना सांगा, मूत्राशय शांत करणाऱ्या गोळ्या असतात, निमूटपणे सोसायची गरज नाही.

निळाई

स्टेंटबद्दल माझी कळकळीची विनंती: डिस्चार्जच्या वेळीच काढायची तारीख लिहून घ्या आणि घरातल्या दोघांच्या फोनमध्ये टाका. काहींना स्टेंटचा त्रासच होत नाही आणि तेच तो विसरतात. महिनोन् महिने आत राहिलेल्या स्टेंटवर क्षार चढतात, तो दोन्ही टोकांना दगडासारखा होतो आणि ओढून निघत नाही. मग एका छोट्या खड्यासाठी सुरू झालेली गोष्ट दोन-तीन शस्त्रक्रियांवर जाते. साध्या, गुंतागुंत नसलेल्या केसमध्ये स्टेंट घालावाच लागतो असंही नाही, ते आत सूज किती आहे ते पाहून सर्जन ठरवतात. शस्त्रक्रियेआधी लघवीचं कल्चर (जंतूंची तपासणी) स्वच्छ आलंय ना, हे मात्र जरूर विचारा.

उंबरठा

पाऊलवाट, मी आधी थांबा म्हणालो होतो. वाढलेली सूज पाहता आता काढणंच योग्य. भावाला शुभेच्छा. माझा प्रश्न पुढचा आहे: खडा पडल्यापासून मी दूध-दही पूर्ण सोडलंय, कॅल्शियमचे खडे म्हणून. टोमॅटोही बंद. हे बरोबर आहे ना?

रानजाई

दुधाबद्दल उलटं आहे, उंबरठा. आतड्यात अन्नातलं कॅल्शियम आणि ऑक्झलेट एकमेकांना धरतात आणि शौचावाटे निघून जातात. कॅल्शियम कमी केलं की मोकळं राहिलेलं ऑक्झलेट रक्तात शोषलं जातं आणि लघवीत उतरतं. इटलीत पाच वर्षं चाललेली एक चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. वारंवार खडे होणारे, लघवीत जास्त कॅल्शियम जाणारे १२० पुरुष. निम्म्यांना कमी कॅल्शियमचा आहार, निम्म्यांना नेहमीइतकं कॅल्शियम पण मीठ आणि मांसाहार कमी. पहिल्या गटात २३ जणांना पुन्हा खडे झाले, दुसऱ्यात १२ जणांना. माझ्या डॉक्टरांनी हाच दाखला देऊन मला दूध परत सुरू करायला लावलं होतं.

टोमॅटोत ऑक्झलेट फारसं नसतंच. पालकात मात्र भरपूर असतं. आणि जे कुणी व्हिटॅमिन सी च्या मोठ्या डोसच्या गोळ्या रोज घेतात त्यांनी त्या थांबवाव्यात, त्यांचं शरीरात ऑक्झलेट बनतं.

निळाई

सहमत. आहारातली एकच गोष्ट बदलायची असेल तर मीठ कमी करा. लघवीतून सोडियम जास्त गेलं की ते कॅल्शियमलाही सोबत नेतं. आणि पाणी: दिवसाला निदान अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. पिण्याचा हिशोब ठेवण्यापेक्षा बाहेर किती पडतं ते मोजा, कारण उन्हात काम करणाऱ्याचं अर्धं पाणी घामातच जातं. हृदय किंवा किडनी कमजोर असणाऱ्यांनी मात्र हे डॉक्टरांना विचारूनच. कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर त्या जेवणाबरोबर घ्या, रिकाम्या पोटी नकोत.

पाऊलवाट

युरेटरोस्कोपी व्यवस्थित झाली. खडा जाळीत पकडून काढला, तुकडे तपासणीला पाठवले. स्टेंट दहा दिवस होता, शुक्रतारा यांनी लिहिलं होतं अगदी तसाच कमरेत झटका बसायचा, पण आधी माहीत असल्यामुळे भाऊ घाबरला नाही. काढताना फक्त जेली लावून पातळ दुर्बीण घातली, काही मिनिटांचं काम. त्या रात्री थोडी कळ आली, गोळीने थांबली. रिपोर्ट आलाय: कॅल्शियम ऑक्झलेट. पुढच्या महिन्यात सोनोग्राफी करून सूज उतरली का ते पाहणार आहेत.

आमच्या वडिलांनाही खडे झाले होते, म्हणून डॉक्टरांनी रक्तातलं कॅल्शियम, युरिक ॲसिड आणि २४ तासांची लघवी तपासायला सांगितलंय. ही २४ तासांची भानगड नक्की कशी करायची? प्रयोगशाळेने फक्त कॅन हातात दिला.

निळाई

फार छान बातमी. तपासणी आत्ता लगेच नको, स्टेंट निघून काही आठवडे जाऊ द्या आणि तो नेहमीसारखं खाऊ-पिऊ लागला की करा. त्या दिवशी मुद्दाम जास्त पाणी किंवा कमी मीठ असं करायचं नाही, रोजच्या आयुष्यात लघवीत काय जातं तेच पाहायचंय.

सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि ती वेळ लिहायची. तिथून पुढची प्रत्येक लघवी, बाहेर असताना, शौचाच्या वेळी, रात्री झालेलीसुद्धा कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची सकाळची पहिली लघवी कॅनमध्ये घालून थांबायचं. मधली एकजरी राहिली तरी सगळे आकडे फसवे येतात, मग ते टाकून दुसऱ्या दिवसापासून नव्याने सुरू करा. सुट्टीचा दिवस निवडा. कॅनमध्ये आधीपासून द्रव असेल तर ते ओतून देऊ नका, ते ॲसिड असू शकतं, म्हणून थेट कॅनमध्ये न करता भांड्यात करून सावकाश ओता. रिपोर्टवर एकूण लघवी, कॅल्शियम, ऑक्झलेट, सायट्रेट, युरिक ॲसिड, सोडियम आणि क्रिएटिनिन हे सगळे आकडे येणार आहेत का, हे कॅन घेतानाच विचारून घ्या. काही ठिकाणी फक्त कॅल्शियम मोजून देतात.

पाऊलवाट

सायट्रेट आणि ऑक्झलेट त्यांच्या यादीत नाहीत, आत्ताच फोन करून विचारलं. दुसरी प्रयोगशाळा शोधते. आकडे आले की इथेच लिहीन.